लहान मुले शिकतात कशी?

प्राथमिक शाळेच्या खालच्या वर्गावरून जाताना एक आवाज हमखास कानी पडतो. तीस-चाळीस मुले एका सुरात पाढे म्हणत असतात. बे एक बे पासून बे दाहे वीसपर्यंत ती लय चढत जाते आणि ऐकणाऱ्याच्या मनाला एक प्रकारचे समाधान देऊन जाते. शिक्षक शिकवीत आहेत, मुले शिकत आहेत, सर्व काही यथास्थित चालले आहे, असे आपल्याला वाटते. परंतु त्या सुरात सूर मिसळणाऱ्या एखाद्या मुलाला बाजूला घ्यावे, त्याच्यापुढे मूठभर चिंचोके ठेवावेत आणि 'बाळ, बे चोक आठ म्हणजे काय ते मला यांतून मांडून दाखव' असे म्हणावे. पुष्कळदा असे घडते की, पाढा तोंडपाठ असलेले ते मूल चिंचोक्यांकडे आणि आपल्याकडे आळीपाळीने पाहत राहते. दोन-दोन चिंचोके चार ठिकाणी मांडले म्हणजे आठ होतात आणि पाढा ही त्या मांडणीचीच थोडक्यात जपून ठेवलेली आठवण आहे, हे त्याला कोणी दाखविलेलेच नसते.

पाठांतराला नावे ठेवण्याचा येथे हेतू नाही. ज्या देशात पिढ्यानुपिढ्या ग्रंथ मुखोद्गत करून राखले गेले, त्या देशात स्मरणशक्तीचे महत्त्व कोणी नाकारू नये. पाढे पाठ असणे पुढच्या गणिताला अतिशय सोयीचे असते. प्रश्न आहे तो क्रमाचा. आधी समजावे आणि मग ते पाठ व्हावे, की आधी पाठ व्हावे आणि समज पुढे केव्हातरी येईल अशी वाट पाहावी? मोठ्या माणसाच्या बाबतीत दुसरा मार्ग एखाद्या वेळी चालूनही जाईल. सहा, सात आणि आठ या वर्षांतील मुलाच्या बाबतीत मात्र तो बहुधा चालत नाही. असे का, आणि मग चालणारा मार्ग कोणता, याचा थोडा विचार आज आपण करू.

या वयाच्या मुलाचे मन कसे काम करते हे पाहण्यासाठी एक लहानसा प्रयोग कोणत्याही घरी करता येईल. सारख्या आकाराचे दोन पेले घ्या आणि त्यांत सारखेच पाणी भरा. पाच वर्षांच्या मुलाला विचारा. दोन्हींत पाणी सारखे आहे असे ते सांगेल. आता त्याच्या डोळ्यांदेखत एका पेल्यातील पाणी एखाद्या उंच व अरुंद भांड्यात ओता आणि पुन्हा तोच प्रश्न विचारा. 'या उंच भांड्यात पाणी जास्त आहे,' असे उत्तर बहुधा मिळेल. एक थेंबही वाढलेला नाही, हे त्याने स्वतः पाहिले आहे; तरीही डोळ्यांना दिसणारी उंची त्याच्या विचारावर मात करते. स्वित्झर्लंडमधील विख्यात मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी असे अनेक प्रयोग केले. खड्यांच्या दोन सारख्या रांगा मांडून त्यांपैकी एक नुसती पसरट केली, तरी लहान मूल 'लांब रांगेत खडे जास्त' असे म्हणते. तेच मूल सात-आठ वर्षांचे झाले म्हणजे हा प्रश्न ऐकून हसते. 'तुम्ही काहीच घातले नाही, मग जास्त कसे होतील?' असा उलट प्रश्न ते आपल्यालाच करते.

या दोन-तीन वर्षांत काय घडले? परिमाण कायम राहते हा सिद्धांत त्याला कोणी व्याख्यान देऊन पटविलेला नसतो. अंगणात पाणी ओतताना, वाळूचे ढीग करताना, बोरे वाटून घेताना, गोट्या मोजताना आणि त्यांवरून भांडताना त्या मुलाने तो स्वतः मिळविलेला असतो. पियाजे यांच्या प्रतिपादनाचे सार थोडक्यात असे की, मूल वस्तूंवर क्रिया करते आणि त्या क्रियांतून विचार घडतो. पहिली-दुसरीचे मूल या स्थित्यंतराच्या ऐन मध्यावर असते. त्याच्या हातातून वस्तू काढून घेऊन केवळ शब्द देणे म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला पाण्याबाहेर बसवून हातवारे शिकविण्यासारखे आहे.

या संशोधनात पुढे महत्त्वाची भर पडली. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये मार्गारेट डोनाल्डसन आणि त्यांचे सहकारी यांनी खड्यांच्या रांगांसारखाच प्रयोग थोडा बदलून केला. परीक्षक प्रौढाने रांग पसरण्याऐवजी एका खोडकर खेळण्यातल्या अस्वलाने ती विसकटली असे दाखविले. तेव्हा कितीतरी अधिक मुलांनी बरोबर उत्तर दिले. मोठे माणूस तोच प्रश्न दोनदा विचारते, याचा अर्थ त्याला वेगळे उत्तर हवे असणार, असा तर्क मुलाचे मन करीत असते. अस्वलाच्या खोडीत तो पेच नव्हता. तात्पर्य असे की, मुलाला समजेल अशा, त्याच्या अनुभवातल्या प्रसंगात प्रश्न विचारला, तर त्याची बुद्धी आपण समजतो त्याहून पुढे धावते. हे दोन्ही निष्कर्ष एकत्र केले म्हणजे खालच्या वर्गांच्या शिक्षणाचे सूत्र हाती लागते. मुलाच्या हाताला काम असावे, आणि ते काम त्याला अर्थपूर्ण वाटावे.

हे सूत्र आपल्या मराठी अंकगणितालाच लावून पाहू. मराठीत संख्यावाचन शिकणे हे वाटते तितके सोपे नाही. एकवीस, बावीस, तेवीस या नावांत एकक आधी बोलला जातो आणि दशक नंतर. लिहिताना मात्र दशक आधी येतो. 'त्रेसष्ट' ऐकले की मुलाच्या कानावर आधी तीन येतात आणि मग साठ. म्हणून ते ३६ लिहून मोकळे होते. आपण त्याला निष्काळजी म्हणतो. वास्तविक त्याने जे ऐकले ते त्याच क्रमाने लिहिलेले असते. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस ही नावे आणखी निराळी, कारण त्यांत पुढच्या दशकातून एक वजा केलेला असतो. आणि हाच नियम धरून मूल नव्वदीच्या टोकाला पोचले की तेथे नव्याण्णव येऊन नियम मोडतो. जे मराठी कुटुंब हैदराबादेत, बंगळुरात किंवा तंजावरात राहते, त्याच्या मुलाला हा फरक दुहेरी जाणवत असेल. कारण तेलुगू, कन्नड आणि तमिळ या भाषांत एकवीस म्हणताना वीस आधी आणि एक नंतर येतो. लेखन आणि उच्चार यांचा क्रम तेथे एकच आहे.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात रूढ नावांच्या जोडीला 'वीस एक', 'साठ तीन' अशा फोड केलेल्या वाचनाची सूचना आली, तेव्हा विधिमंडळापासून वर्तमानपत्रांपर्यंत तिच्यावर पुष्कळ टीका आणि थोडी चेष्टाही झाली. गणितज्ञ मंगला नारळीकर या त्या विषयाच्या समितीच्या अध्यक्ष होत्या, आणि जोडाक्षरांनी भरलेली ही नावे मुलांना अवघड जातात, म्हणून गणिताचीच भीती बसते, अशी त्यांची भूमिका होती. त्या वादाचा निकाल येथे लावावयाचा नाही. भाषेतील जुनी नावे टिकावीत असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि मुलाची अडचण खरी आहे हेही तितकेच सत्य आहे. या दोहोंचा मेळ घालणारे एक साधन मात्र कोणत्याही शाळेला परवडते. ते म्हणजे काड्यांची जुडी.

दहा काड्या मोजून त्यांना दोरा बांधावा. ही एक जुडी झाली. त्रेसष्ट म्हणजे सहा जुड्या आणि तीन सुट्या काड्या. मुलाने हे स्वतः बांधावे, स्वतः मांडावे आणि मग मोठ्याने 'त्रेसष्ट' म्हणावे. आता नाव कसेही असो, संख्या त्याच्या समोर पडलेली आहे. ती छत्तीस नाही हे त्याला दिसते. पुढे वजाबाकीची वेळ येते. त्रेसष्टातून अठ्ठावीस काढावयाचे आहेत. तीन सुट्या काड्यांतून आठ निघत नाहीत. मूल क्षणभर थांबते आणि मग एक जुडी सोडते. आता पाच जुड्या आणि तेरा सुट्या काड्या झाल्या. त्यांतून दोन जुड्या व आठ काड्या उचलल्या की तीन जुड्या व पाच काड्या उरतात. ज्याला आपण फळ्यावर 'उसना घेणे' म्हणतो आणि जे कितीतरी मुलांना आयुष्यभर जादूसारखे वाटत राहते, ते त्या मुलाच्या हाताने दोरा सोडण्याच्या साध्या कृतीत उलगडते. उसना कोणाकडून घेतला आणि तो परत का द्यावा लागत नाही, हा प्रश्नच मग उरत नाही. अशी काही दिवस मांडामांड झाल्यावर मूल आपण होऊन काड्या बाजूला ठेवते. कारण जुडी आता त्याच्या मनात असते. काड्यांचे काम तेथे संपते. त्या कायम हातात ठेवणे हाही शिक्षणाचा हेतू नव्हे.

हातचा हिशेब आणि पाटीवरचा हिशेब यांची ताटातूट झाली म्हणजे काय होते, याचे मोठे बोलके उदाहरण अलीकडेच पुढे आले आहे. कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो व त्यांचे सहकारी यांनी केला आणि तो २०२५ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. भाजीच्या गाडीवर उभी असलेली मुले निरनिराळ्या वजनांचा आणि भावांचा हिशेब तोंडी आणि बिनचूक करीत होती. परंतु त्याच प्रकारची गणिते शालेय रीतीने मांडून दिली असता त्यांतील पुष्कळ मुले अडखळत होती. उलट शाळेत गणित सोडविणारी, पण बाजाराचा अनुभव नसलेली मुले बाजारातल्या हिशेबात फार मागे पडत होती. ब्राझीलमधील रेसिफे शहरातील फेरीवाल्या मुलांविषयीही १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असेच दिसून आले होते. म्हणजे एका मुलाजवळ बुद्धी आहे, पण शाळेला ती दिसत नाही. दुसऱ्याजवळ शाळेचे गणित आहे, पण जगाला त्याचा उपयोग नाही. या दोन मुलांमधली भिंत पहिली-दुसरीतच उभी राहते. ती उभी राहू न देणे हे या वर्षांतील शिक्षकाचे खरे काम होय.

गणिताविषयी जे म्हटले तेच वाचनालाही लागू आहे. आपली देवनागरी लिपी उच्चारानुसारी आहे, म्हणून ती शिकणे सोपे, असे आपण अभिमानाने म्हणतो. आणि ते पुष्कळ अंशी खरेही आहे. तरीपण सहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहावे. 'कि' या अक्षरात वेलांटी आधी दिसते आणि बोलली जाते नंतर. 'र्य', 'प्र', 'ट्र' यांत एकच र तीन वेषांत येतो. सर्व मुळाक्षरे आणि मग संपूर्ण बाराखडी घोकून झाल्यावरच शब्दाला हात लावावयाचा, असा नियम केला, तर मूल कित्येक महिने अशा चिन्हांच्या सहवासात राहते की ज्यांतून त्याला काहीही कळत नाही. वाचन म्हणजे अर्थ मिळविणे, ही गोष्टच त्याच्या ध्यानात येत नाही. अशी मुले पुढे ओळीवर बोट ठेवून खणखणीत आवाजात धडा वाचतात, आणि 'काय वाचलेस?' असे विचारले की गप्प बसतात.

याउलट थोडीच अक्षरे घ्यावीत आणि त्यांतून लगेच शब्द करावेत. र, घ, म, न आणि काना एवढ्यावर घर, नाम, मान, राम, मामा, घार इतके शब्द होतात. अक्षरांचे पुठ्ठ्याचे तुकडे मुलाच्या हातात द्यावेत आणि त्याला ते हलवून पाहू द्यावेत. 'मान' उलटा केला तर 'नमा' होतो का, यावर दोन मुलांची खडाजंगी होऊ द्यावी. काना कोठे गेला हे शोधताना लिपीचे व्याकरण ती स्वतःच शोधून काढतात. यांत अक्षरओळख टाळलेली नाही. ती नेमकेपणाने, क्रमाने आणि भरपूर सराव देऊन करावयाचीच आहे. फक्त प्रत्येक पायरीवर अर्थाचा दिवा लागलेला असावा.

न्यूझीलंडमधील शिक्षिका सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांनी माओरी मुलांना शिकविताना याहून एक पाऊल पुढे टाकले. त्यांचे 'टीचर' हे पुस्तक १९६३ साली प्रसिद्ध झाले. त्या प्रत्येक मुलाला विचारीत, 'तुला आज कोणता शब्द हवा?' मूल जो शब्द सांगे तो कागदाच्या जाड पट्टीवर लिहून त्याला देत. आईचा, भीतीचा, भुताचा, ज्या कोणाचा तो शब्द असेल, तो मुलाच्या मनातून आलेला असे. म्हणून एकदा पाहताच तो ओळखीचा होई. दुसऱ्या दिवशी जो शब्द मुलाला ओळखता येत नसे, तो त्याच्या मनातला नव्हता असे समजून त्या तो बाजूला काढीत. आपल्या वाड्यापाड्यांतील ज्या मुलांची घरची बोली पुस्तकातल्या भाषेहून निराळी असते, त्यांच्यासाठी या युक्तीचे मोल फार मोठे आहे. मुलाने आपल्या बोलीत एक वाक्य सांगावे, शिक्षकाने ते जसेच्या तसे फळ्यावर लिहावे आणि मुलाने ते वाचावे. 'माझे बोलणे लिहिता येते' हा साक्षात्कार ज्या दिवशी होतो, त्या दिवशी मूल शाळेचे होते.

हे विचार आपल्याकडे परकीय पुस्तकांतून नुकतेच आले आहेत, असे मात्र कोणी समजू नये. मारिया माँटेसोरी यांनी १९०७ साली रोममधील गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. त्यांच्या विचारांनी प्रभावित होऊन १९२० साली भावनगरला गिजुभाई बधेका यांनी दक्षिणामूर्ती संस्थेचे बालमंदिर सुरू केले. मूळच्या वकिली पेशाच्या या गृहस्थाने परदेशी पद्धतीला गुजराती गोष्टी, गाणी आणि खेळ यांचा साज चढविला. ताराबाई मोडक यांनी त्यांच्यासमवेत काम केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केला. एवढ्यावर त्या थांबल्या असत्या, तरी महाराष्ट्र त्यांचा ऋणी राहिला असता. परंतु शहरातील सुखवस्तू मुलांपुरतेच हे शिक्षण राहावे, हे त्यांच्या मनाला पटेना. १९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे हे कार्य डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावले. तो भाग आता पालघर जिल्ह्यात मोडतो.

तेथे वारली मुले शाळेत येईनात. त्यांना शिक्षणाची आवड नाही, असा निष्कर्ष काढून स्वस्थ बसणे सोपे होते. या दोघींनी कारण शोधले. कोणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन हिंडत असे, कोणी गुरे राखीत असे. मुलाला शाळेपर्यंत येता येत नसेल, तर शाळेने मुलापर्यंत जावे, हा विचार त्यातून निघाला. पाड्यातील अंगणात भरणारी ती अंगणवाडी, आणि गुरे चरत असताना कुरणात भरणारी ती कुरणशाळा. महागड्या लाकडी साधनांच्या जागी शिंपले, बिया, पाने, खडे आणि माती आली. मोजणे, निवडणे, लहानमोठे ओळखणे, क्रम लावणे हे सारे त्यांतून होऊ लागले. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशाच्या कानाकोपऱ्यात पोचला. आज काश्मीरपासून केरळपर्यंत तो उच्चारला जातो. कोसबाडच्या टेकडीशी असलेले त्याचे नाते मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

दुसरा प्रवाह महात्मा गांधींच्या नयी तालीमचा. १९३७ सालच्या वर्धा परिषदेत त्यांनी हस्तोद्योगातून शिक्षण हा विचार देशापुढे मांडला. सूत कातताना मोजणी येते, कापसाबरोबर भूगोल येतो, हा त्यातील मुद्दा होता. पुष्कळ शाळांतून मात्र टकली राहिली आणि तिच्याभोवतीचा विचार गळून पडला. मुले यंत्रासारखी कातत बसली. या अनुभवातून घेण्यासारखा धडा मोठा आहे. हात हलत असला म्हणजे मन हलतेच, असे नाही.

आजही 'कृतियुक्त शिक्षण' या नावाखाली असे घडते. फळांची चित्रे रंगविणे, कागद कातरून चिकटविणे, ठेक्यावर टाळ्या वाजविणे यांत तास आनंदात जातो. पण मुलाला त्यात काही ठरवावे लागले का? कृती चांगली की नुसती करमणूक, हे ओळखण्याची एक खूण आहे. चांगल्या कृतीत मुलाला निवड करावी लागते, आणि आपले चुकले हे त्याला मोठ्या माणसाने न सांगता कळते. माँटेसोरींच्या लाकडी ठोकळ्यात लहानमोठ्या खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत एकच दट्ट्या नेमका बसतो. एक जरी चुकीच्या जागी गेला, तरी शेवटी एक दट्ट्या हातात उरतो. मूल कोणाच्या तोंडाकडे न पाहता पुन्हा मांडू लागते. जुडीतल्या काड्या नऊच भरल्या, तर हिशेब जुळत नाही आणि मूल स्वतः पुन्हा मोजते. अशा कृतीनंतर 'तू हे कसे केलेस?' एवढाच प्रश्न शिक्षकाने विचारावा. आपण काय केले हे शब्दांत सांगू लागताच मुलाची कृती विचारात रूपांतरित होते. म्हणूनच अशा वर्गात शिक्षकाचे काम कमी होत नाही, उलट वाढते. कोणते साहित्य केव्हा द्यावे, कोणत्या मुलाला एक पायरी वर न्यावे, कोठे मदत करावी आणि कोठे हात आखडता घ्यावा, याचा विचार त्याला अखंड करावा लागतो.

कोणी म्हणेल, हे सर्व ऐकायला ठीक आहे. एकाच शिक्षकाकडे दोन-दोन इयत्ता, वर्गात मुले दाटीने बसलेली, अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई आणि वर कागदपत्रांचा भार, यात हे व्हावे कसे? ही अडचण खोटी नाही. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण घालून दिले. ते सर्वत्र पाळले जावे असा आग्रह समाजाने धरलाच पाहिजे. परंतु साहित्याची सबब मात्र टिकत नाही. चिंचोके, काड्या, खडे, जुन्या वह्यांचे पुठ्ठे आणि खडू यांपलीकडे सुरुवातीला काही लागत नाही. घाईविषयी बोलावयाचे, तर पाठ न समजता पुढे गेलेला वर्ग वाटेत मुले टाकून गेलेला असतो. ग्रामीण भारतातील मुलांच्या वाचनाची पाहणी करणाऱ्या 'असर' अहवालात २०२४ साली असे दिसून आले की, पाचवीत शिकणाऱ्या मुलांपैकी जेमतेम निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो. उरलेली निम्मी मुले रोज शाळेत येतात, इतिहासाच्या आणि विज्ञानाच्या तासाला बसतात, आणि पुस्तक त्यांच्यापुढे मिटलेलेच असते. आपल्याला येत नाही हे त्यांना कळते. का येत नाही हे कळत नाही. मग 'मी ढ आहे' एवढे एकच उत्तर त्यांच्याजवळ उरते. पहिल्या तीन वर्षांत झालेली उपेक्षा असे रूप घेते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही वर्षे पायाभूत मानून खेळ व कृती यांवर भर दिला, आणि २०२१ मध्ये 'निपुण भारत' अभियान सुरू झाले, ते या जाणिवेतूनच. धोरण कागदावर उमटले आहे. वर्गात ते उमटणे हे शिक्षकाच्या आणि पालकांच्या हाती आहे.

पालकांच्या हाती म्हटले, ते उगीच नव्हे. आज आपली कितीतरी मराठी घरे इंदूर, बडोदे, दिल्ली, कोलकाता अशा ठिकाणी आहेत, आणि मुले हिंदीतून, इंग्रजीतून वा अन्य भाषेतून शिकत आहेत. शाळेत मराठी नाही म्हणून घरीही ती हळूहळू मागे घ्यावी, असे काहींना वाटते. तसे करू नये. ज्या भाषेत मूल रुसते, भांडते आणि स्वप्ने सांगते, तिच्यात झालेला विचार दुसऱ्या भाषेत सहज नेता येतो. विचारच झाला नसेल, तर नेणार काय? स्वयंपाकघर ही या वयाची उत्तम शाळा आहे. पाच माणसांना दोन-दोन पोळ्या, आणि बाबांना एक जास्त, तर एकूण किती, हे मुलाला पाने मांडताना ठरवू द्यावे. भाताला वाटीभर तांदळाला किती वाट्या पाणी, दूध आज पाव लिटर उरले तर उद्या किती आणावे, आजी येण्यास दिनदर्शिकेप्रमाणे किती दिवस राहिले, हे प्रश्न कोणत्याही पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणांइतकेच मोलाचे आहेत. वाण्याकडे न्यावयाची यादी मुलाच्या हाताने, मराठीत, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहू द्यावी, आणि तीच यादी घेऊन दुकानात जावे. साखर राहिली, कारण ती लिहिली नव्हती, हे एकदा अनुभवले म्हणजे लिहिण्याचे प्रयोजन निराळे समजावून सांगावे लागत नाही.

आणि एक गोष्ट शेवटी. शाळेतून आलेल्या मुलाला आपण नित्य विचारतो, 'आज काय शिकवले?' या प्रश्नात कर्ता शिक्षक असतो. त्याऐवजी 'आज तू काय केलेस?' असे विचारून पाहावे. पहिल्या प्रश्नाला 'काही नाही' हे उत्तर ठरलेले असते. दुसऱ्या प्रश्नाला प्रथम कदाचित मौनच मिळेल. ते मौनही पुष्कळ सांगून जाईल. पण ज्या दिवशी मूल उत्साहाने सांगू लागेल की, आम्ही जुडी सोडली, आम्ही पाने निवडली, माझा शब्द बाईंनी फळ्यावर लिहिला, त्या दिवशी खुशाल समजावे की, त्या शाळेत कोणीतरी खरोखर शिकत आहे. मग त्याच्या हाताला लागलेली माती आणि खडूची भुकटी धुताना आपण फारशी कुरकुर करू नये.